डावीकडे कुणी नाही

पुलावरून, ४ जुलै

मामा,

मी बरी आहे, तूही बरा असशील, मामीची पाठ बरी असेल. झालं. आता मुद्द्यावर येते, कारण माझं डोकं पंधरा दिवस तापलंय आणि इथल्या सात रंगाऱ्यांना फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही.

आपल्या क्लबाने अजून एकही माणूस का घेतला नाही?

एकही! जुलै उजाडला. गिरणीवाल्यांच्या क्लबाने तीन घेतले. बंदरावरच्या क्लबाने दोन घेतले, त्यांच्या मैदानाला तर धड कुंपणही नाही. आणि आपण? सलूनवाल्या काकांनी पेपरातलं कात्रण पाठवलंय. आपल्या अध्यक्षांनी गवत कापायचं नवीन यंत्र घेतलं आणि त्याच्या दांड्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला, जणू यंदा पुढच्या फळीत तेच खेळणार आहे. मी ते कात्रण रंगाच्या डब्यावर चिकटवलंय. रोज सकाळी बघते आणि रोज सकाळी चिडते.

तू क्लबाचा कपडेवाला. नवीन खेळाडू आला की त्याचा आकडा आधी तुझ्या सुईखालून जातो, मग पेपरात येतो. तेव्हा मला फक्त एवढं सांग, यंदा काही शिवलंस का? नाव नको सांगू. नुसता आकडा सांग. नुसतं ‘हो’ सांग.

गेल्या वर्षी आपण एक्केचाळीस गोल खाल्ले. मी मोजलेत. त्यातले तेवीस डावीकडून आले. डावीकडे कोण खेळतं ते मला माहीत आहे, उगाच डोळे वटारू नकोस. दादा माझा मामेभाऊ, तुझा एकुलता एक. पण तेवीस म्हणजे तेवीस.

काल एका तुळईच्या बेचक्यात कबुतराचं घरटं सापडलं. मुकादम म्हणाला, काढ. मी म्हटलं, तूच काढ. दोन तास काम बंद. शेवटी अंड्यांच्या भोवतीने रंगवलं. हे का सांगत होते? हां, फोन. त्या भानगडीत माझा फोन नदीत पडला. इतक्या उंचावरून की आवाजसुद्धा आला नाही. तुला तसंही फोनवर काही ऐकू येत नाही, त्यामुळे आपल्या दोघांत काही फरक पडला नाही. पत्रच लिही. लवकर लिही.

तुझी,
भिंगरी


कपडेखोली, १० जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकिटावर तांबड्या रंगाचा अंगठा उमटला होता. टपालवाला विचारत होता, रक्त आहे का? म्हटलं नाही, आमच्या भाचीचा राग आहे.

तीस वर्षं मी हे काम करतोय. नवीन आकडा शिवून झाला की जर्सी उलटी करून टांगतो, म्हणजे झाडणाऱ्या बाईलाही दिसत नाही. मग तुला कसं सांगेन? पण सांगण्यासारखं काही नाहीच. शिवणाचा डबा मे महिन्यापासून उघडलेला नाही. हे मी तुला सांगितलं नाही असं समज.

कोच रोज अध्यक्षांच्या खोलीत जातात आणि आत गेले त्याच तोंडाने बाहेर येतात. बाकी मला विचारू नकोस. माझं काम कपडे आणि बूट.

दादाविषयी मात्र तुला काही कळत नाही. गोल डावीकडून आले म्हणजे डाव्या बॅकने खाल्ले असं नसतं. त्याच्यापुढे खेळणारा परत यायलाच तयार नसेल तर तो एकटा दोघांना कसा अडवणार? आणि मेहनत मला विचार. मी बूट बघून माणूस सांगतो. कोण दांडी मारतो, कोण घाबरून मागे मागे पळतो, सगळं बुटाच्या तळाला लिहिलेलं असतं. दादाच्या उजव्या बुटाच्या तळाचे स्टड मी महिन्याभरात दोनदा बदलले. डावा अजून नवाकोरा. का? कारण डाव्या पायाने मारायचं तर उजवा जमिनीत रोवावा लागतो. इतका जोर लावतोय पोरगा.

मामीची पाठ तशीच आहे. उंचावर काम करताना पट्टा लावत जा. कबुतरापायी पडू नकोस.

मामा


पुलावरून, १६ जुलै

मामा,

डबा मे महिन्यापासून उघडला नाही! हे तू इतक्या शांतपणे कसं लिहितोस? मी तुझं पत्र वाचून ब्रश फेकला. तो खाली एका होडीवाल्याच्या टोपीवर पडला, आणि त्या माणसाला आमच्याकडे चहा पाजावा लागला. चांगला निघाला. त्याने सांगितलं की मासे उन्हाळ्यात पुलाच्या सावलीत राहतात. मला हे माहीतच नव्हतं.

असो. मी गप्प बसलेली नाही. मी अर्ज लिहिलाय. चाहता मंडळाचे सचिव म्हणजे आपले सलूनवाले काका. त्यांना पाठवला, त्यांनी तो आरशाखाली ठेवलाय. दाढीला येणाऱ्याने सही केल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. काका लिहितात, अर्ध्या दाढीवर माणूस कशावरही सही करतो. चारशेच्या वर सह्या झाल्या. महिनाअखेरीस अर्ज अध्यक्षांच्या टेबलावर जाणार.

मागण्या चार. पहिली ओळ अशी: ‘डावीकडे नवा बॅक ताबडतोब आणावा. सध्याच्याला दम उरलेला नाही.’

आता तू चिडशील. चीड. मी लहानपणापासून त्याच्यासमोर गोलात उभी राहिलेय. माझे दोन दात त्याच्या चेंडूने पडलेत. मला बोलायचा हक्क आहे. तो वेग आता नाही मामा. गेल्या मोसमातला शेवटचा सामना मी बघितला, इकडे निघायच्या आदल्या दिवशी. समोरचा पोरगा त्याला ओलांडून गेला आणि दादा वळलाच नाही. धावलाच नाही! उभा राहिला! माझ्या मागचा माणूस त्याला शिव्या घालत होता आणि मी तोंड घट्ट मिटून बसले होते. कारण मीही त्याच घालणार होते.

घरचा आहे म्हणून गप्प बसायचं असेल तर मग मैदानात जायचंच कशाला? घरीच बसू.

भिंगरी


कपडेखोली, २३ जुलै

भिंगरी,

आज आशीर्वाद नाही.

काल सलूनमध्ये गेलो होतो. एक गाल झाला, आणि त्या काकाने अर्ज पुढे केला. त्याला वाटलं मला माहीत असेल. वाचण्याआधी अक्षर ओळखलं. ते अक्षर मी तुला शिकवलंय, कपडेखोलीच्या फळ्यावर, धुण्याच्या याद्या लिहून लिहून. मग पहिली ओळ वाचली. तसाच उठलो. एका गालावर साबण घेऊन भर बाजारातून घरी आलो. लोक हसत होते. हसू देत.

‘सध्याच्याला दम उरलेला नाही.’ सध्याचा कोण गं? तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. आमच्याकडे आलीस त्या दिवशी स्वतःची खाट तुला देऊन जमिनीवर कोण झोपला? अकरा वर्षं एका खोलीत वाढलात. मग तू भटकायला निघालीस तेव्हा मामीशी तुझ्या बाजूने कोण भांडला? तो ‘सध्याचा’.

नवा डावा बॅक आला की ह्याचा करार संपला. सत्ताविसाव्या वर्षी ह्याला दुसरीकडे कोण उभं करणार? तू आज पूल रंगवतेस, उद्या आणखी काही करशील, तुला कशाचंच काही नाही. त्याला ह्या एका मैदानाशिवाय दुसरं काही येत नाही. आणि ते मैदान त्याच्या पायाखालून काढायला चारशे लोक कुणी गोळा केले, तर घरच्या पोरीने.

मामीने विचारलं, अर्धीच दाढी का? सांगितलं. तिने भिंतीवरचा तुझा फोटो काढून कपाटात पालथा ठेवला.

तुला क्लब हवाय ना? घे क्लब.

मामा


पुलावरून, २९ जुलै

मामा,

काढली ती ओळ.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी काकांना कळवलं. टपाल हापिसातून पैसे भरून फोन केला. त्यांनी वरचं पान बदललं, सह्यांची पानं तीच ठेवली. आता पहिली मागणी गोल मारणाऱ्याची आहे. डाव्या बाजूबद्दल एक अक्षर नाही. काका म्हणाले, ‘अगं, लोकांनी सह्या त्याच ओळीसाठी केल्यात.’ मी म्हटलं, काका, माझा अर्ज, माझी ओळ, काढा म्हणजे काढा. मग ते म्हणाले, ‘तुझ्या मामाचा दुसरा गाल अजून बाकी आहे, त्यांना म्हणावं येऊन जा.’

पण मला पटलेलं नाही. लिहून ठेवते. मी दादासाठी केलं, तुझ्यासाठी केलं, मामीसाठी केलं. क्लबासाठी चुकीचं केलं. हे असंच चालतं आपल्याकडे. अध्यक्षांना कुणी बोलत नाही कारण ते अध्यक्ष, आणि खेळाडूंना बोलायचं नाही कारण ते घरचे. मग बोलायचं कुणाला? गवत कापायच्या यंत्राला?

मामीला सांग, फोटो सरळ कर. पालथा असला तरी चालेल, पण भिंतीवर.

पुलाचं काम मी सोडतेय. मुकादमाशी भांडण झालं. (कबुतरावरून नाही. पिल्लं उडाली.) त्या होडीवाल्याच्या ओळखीने मोठ्या फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात जागा मिळतेय. दोन दिवसांचा पाण्यावरचा प्रवास, पलीकडच्या काठाला चार दिवस मुक्काम, मग परत. खाली बोट कंपनीचा पत्ता देते, आता तिथेच लिही. दादाला मी वेगळं लिहीन. काय लिहू ते सुचलं की.

भिंगरी


सराव कॅम्प, ७ ऑगस्ट

भिंगरे,

मी पत्र लिहितोय म्हणजे बघ. कोचने सगळ्यांचे फोन जमा करून घेतलेत. पुलाचाच पत्ता माझ्याकडे आहे, त्यावर पाठवतो.

तू ती ओळ का काढलीस?

तुला आधीचं सांगायला हवं. माझा डावा गुडघा गेलाय. एप्रिलपासून. आतला पट्टा फाटलाय, निम्मा की पाऊण ते उघडल्यावर कळेल, असं बाहेरचा डॉक्टर म्हणाला. त्याने सांगितलं, शस्त्रक्रिया आणि आठ महिने विश्रांती, नाहीतर चाळिशीत काठी. क्लबाच्या डॉक्टरने सांगितलं, इंजेक्शन. शेवटच्या सामन्यात तो पोरगा मला ओलांडून गेला तेव्हा मी धावलो नाही असं सगळ्यांना वाटलं असेल. तुलाही वाटलं असेल. मला पाय उचलता येत नव्हता.

कोचला माहीत आहे. त्याने अध्यक्षांना तीनदा सांगितलं, डावीकडे माणूस आणा, ह्याला मोकळं करा. अध्यक्ष म्हणतात, आहे ना एक, घरचा आहे, ओढेल. नवा आला तर माझी शस्त्रक्रिया क्लब करणार आणि करार तसाच ठेवणार, हे कोचने त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. नाही आला तर मी खेळायचं. नाही म्हटलं तर करार तिथेच मोडला.

आणि मग तुझा अर्ज. कोच नाचायचाच बाकी होता. ‘चारशे लोक ओरडले की अध्यक्ष ऐकतात,’ म्हणाला. ‘सध्याच्याला दम उरलेला नाही.’ कसली झणझणीत ओळ होती! मी वाचून हसलो. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी धड जेवलो. म्हटलं, बाकी कुणी नाही, पण भिंगरीने बरोबर बघितलं.

मग अर्ज आला त्यात ओळच नाही. बाबांनी तुला झापलं असणार. त्यांना ह्यातलं काही माहीत नाही. सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते अध्यक्षांच्या अंगावर जातील आणि दोघांचंही काम जाईल. त्यांच्यासमोर मी सरळ चालतो. जमतं.

नवा खेळाडू घ्यायची मुदत एकतीस ऑगस्टपर्यंत आहे. ती ओळ परत घाल. आधीपेक्षा वाईट शब्दांत घाल. मला नालायक म्हण, काहीही म्हण. पण आत्ताच्या आत्ता.

दादा


कपडेखोली, १४ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

झालं गेलं गेलं. तू ऐकलंस, मला बरं वाटलं. रागात मी जास्त लिहिलं. तुला कशाचंच काही नाही असं लिहिलं ते मागे घेतो.

कालची गोष्ट सांगतो. मी कॅम्पवर धुतलेले कपडे द्यायला गेलो होतो. अध्यक्ष आले होते. सगळ्यांसमोर त्यांनी अर्ज वाचून दाखवला, आणि शेवटी कोचला म्हणाले, ‘चारशे लोकांना डावीकडे काही खटकत नाही. मग मला का खटकावं?’ कोच पाय आपटत निघून गेले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पोराकडे बघितलं, तो मान खाली घालून बूट बांधत होता. लाजला असेल. मी तुझा विषय काढला, तर तोंड फिरवलं त्याने. पहिल्या अर्जाचं लागलंय त्याला. तू माफी माग, चार ओळी लिही.

उजवा बूट पुन्हा झिजलाय. तिसऱ्यांदा स्टड बदलले.

मामीचा राग अजून आहे. तिचा उतरायला वेळ लागतो, तुला माहीत आहे.

मामा


फेरीबोट, २२ ऑगस्ट

मामा,

पत्र मिळालं. जागेवर पोचल्याचं कळवायचं राहिलंच. इथे दिवसाला चार पोती बटाटे सोलते. बोट हलली की बटाटे एका बाजूला धावतात आणि आम्ही त्यांच्यामागे. आचारी म्हणतो, माझ्या हातात वेग आहे पण डोकं ठिकाणावर नाही. त्याला म्हटलं, माझं डोकं एकतीस ऑगस्टला ठिकाणावर येईल.

नऊ दिवस राहिलेत मामा! नऊ! आणि अजून भोपळा! पलीकडच्या बंदरात पेपर मिळतो, मी मागचं पान आधी उघडते. आपल्या क्लबाचं नाव नाही. कुठेच नाही. गिरणीवाल्यांनी चौथा घेतला. मी पेपर चुरगळून समुद्रात फेकला, आणि बोटीवर कचरा फेकू नये म्हणून माझ्यावरच दोन तास डेक घासायची पाळी आली. ह्याचाही हिशेब अध्यक्षांकडे मागणार आहे.

आणि ‘चारशे लोकांना खटकत नाही’? खटकतं त्यांना! मी त्यांचं तोंड दाबलंय! हे वाचून मला इतकी तिडीक आली की काय सांगू. पण शब्द दिलाय तुला. गप्प आहे.

दादाचं मला काही पत्र नाही. रुसलाय तर रुसू दे. मी तरी काय लिहू? ‘तू चांगला खेळतोस’ असं खोटं मला लिहवत नाही.

भिंगरी


पलीकडचं बंदर, ३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मला आज मिळालं. आज. मुकादमाने ते पंधरा दिवस टेबलाच्या खणात ठेवलं होतं, मी भांडून गेले म्हणून. मग कुणीतरी दया येऊन पुढे धाडलं. मी एका जागी टिकले असते तर ते मला अकरा ऑगस्टलाच मिळालं असतं. मी हे सकाळपासून बोटांवर मोजतेय आणि दर वेळी अकराच येतात.

मुदत संपली. कुणी आलं नाही. पेपर माझ्यासमोर आहे.

मी तुला धावला नाहीस म्हणून मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते तुला कधीच सांगणार नाही.

नऊ तारखेला खेळू नकोस. करार मोडू दे. मी तुझं ऐकणार नाही, मामाला सांगणार आहे. तू चिडशील. चीड.

भिंगरी


त्याच दिवशी

मामा,

हे उभ्याने वाचू नकोस. बस.

दादाचा डावा गुडघा एप्रिलपासून फाटलेला आहे. क्लब त्याला इंजेक्शन देऊन उभा करतोय. नवा माणूस आला असता तर त्याची शस्त्रक्रिया झाली असती आणि करारही राहिला असता. त्याला तो नवा माणूस हवा होता. माझी पहिली ओळ त्याला हवी होती. तू ती त्याच्यासाठी काढायला लावलीस आणि मी ती त्याच्यासाठी काढली. त्याचं पत्र सोबत पाठवतेय, माझ्यावर विश्वास नसेल तर त्याच्या हाताने वाच.

तुझ्यासमोर तो सरळ चालतो. मुद्दाम.

मी घरी तीनदा फोन केला. मामीने माझा आवाज ऐकून तिन्ही वेळा ठेवून दिला. कपडेखोलीत केला तर मागे धुण्याचं मशीन, आणि तू आपला ‘हॅलो, हॅलो, कोण पाहिजे?’ मी ओरडत होते मामा. बंदरावरचे हमाल थांबून बघत होते. कॅम्पवर केला तर म्हणाले, खेळाडूंना निरोप देत नाही.

आमच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला काढलंय, आपल्या बंदराला ती लागणार अठराला. दुसरा रस्ता नाही. टपाल विमानाने जातं, माणूस बोटीने.

नऊला पहिला सामना आहे. त्याला उतरू देऊ नकोस. कसंही कर.

भिंगरी


घरून, ११ सप्टेंबर

भिंगरी,

घरून लिहितोय. कपडेखोलीच्या किल्ल्या परवाच मागून घेतल्या.

तुझं पाकीट सामन्याच्या सकाळी आलं. मामीने न उघडता जेवणाच्या डब्याबरोबर पाठवून दिलं. मी बसून वाचलं. मग बुटांच्या फळीपाशी गेलो आणि त्याची जोडी हातात घेतली. उजवा झिजून गुळगुळीत, डावा दुकानातून आणल्यासारखा. गावभर सांगत फिरलो, मी बूट वाचतो. डावा पाय टेकवतच नव्हता तो. तीन वेळा स्टड बदलले मी माझ्या हाताने, आणि तीन वेळा कौतुक केलं.

कोचकडे गेलो. म्हटलं, त्याला खेळवू नका. ते म्हणाले, ‘मग कोणाला खेळवू? माणूस द्या मला. मी चार महिने माणूस मागतोय.’ त्यांचा आवाज चढला, माझाही चढला. अध्यक्ष आले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुमचं काम कपड्यांचं. ते कपड्यांपुरतं ठेवा.’

मग मी कपड्यांचंच काम केलं.

शिवणाचा डबा उघडला. दादाच्या तीन नंबरच्या जर्स्या तीन असतात. घरची, बाहेरची आणि जादाची. एकेक टाका उसवायला घेतला. लीगचा नियम आहे, पाठीवर आकडा नाही तर मैदानात पाऊल नाही. इतर क्लब आकडे इस्त्रीने चिकटवतात, मी दुहेरी दोऱ्याने शिवतो. सुटता सुटेना. दोन झाल्या, तिसरी चालू होती, तेवढ्यात तो आत आला.

‘बाबा! काय करताय हे! भिंगरीने सांगितलं ना? तिला सांगू नकोस म्हटलं होतं!’

मी म्हटलं, ‘ओरडू नकोस. माझ्या हातात कात्री आहे.’

‘आज नाही उतरलो तर पुढच्या वर्षी करार नाही.’

‘आज उतरलास तर पुढच्या वर्षी चालणं नाही.’

तो आणखी बरंच बोलला. मीही बोललो. आयुष्यात त्याला असं बोललो नव्हतो, पुन्हा बोलणार नाही. शेवटचा टाका निघाला तेव्हा पंच दारात उभे होते, कपडे तपासायला. कोच त्यांच्या मागे. दादाने माझ्या हातातून जर्सी ओढून घेतली आणि अंगात घातली.

आता ऐक. यंदा नवीन माणूस नाही तशा नवीन जर्स्याही नाहीत, गेल्या वर्षीच्याच. उन्हाने आणि माझ्या धुण्याने त्या फिकट झाल्यात. आकडा निघाला, पण त्याच्याखालचं कापड पहिल्यासारखंच गडद राहिलं होतं. पाठीवर तीनचा आकडा लख्ख दिसत होता. पंच म्हणाले, ‘दिसतोय की. चालेल.’

मी खुर्चीत बसून राहिलो, मांडीवर दोरेच दोरे.

दादा जागचा हलला नाही. हात मागे नेऊन त्याने पाठ चाचपली. मग माझ्या मांडीकडे बघितलं. जर्सी काढली, घडी घातली. त्या पोराने जन्मात कधी घडी घातलेली नाही, बोळा करून टोपलीत फेकतो. घडी माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘धुवायला टाका.’

आणि लंगडत बाहेर गेला, भिंतीला धरून. पाच महिन्यांत मी त्याचं खरं चालणं पहिल्यांदा बघितलं.

डावीकडे मग राखीव गोलकीपर पोरगा उभा केला. आम्ही दोघं स्टँडमध्ये जाऊन बसलो. तीस वर्षांत मी सामना कधी बसून पाहिलेला नाही, खोलीत आवाजावरून समजायचं. चार गोल खाल्ले, चारही डावीकडून. आमच्या मागे एक जण घसा फुटेस्तोवर ओरडत होता, ‘डावीकडे कुणी नाही! अरे डावीकडे कुणी नाहीच!’ दादा म्हणाला, ‘बरोबर बोलतोय तो.’ मग मीही उठून ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मामीला कुणीतरी येऊन सांगितलंच आहे.

करार मोडल्याचं पत्र काल आलं. शस्त्रक्रियेचं बाहेरच्या डॉक्टरशी बोलणं झालंय, पुढच्या महिन्यात करू म्हणाले. क्लबाचं कुणी विचारायला आलं नाही. कोच येऊन गेले, बसले नाहीत.

दादा तुझ्यावर चिडलेला आहे. त्याचं गुपित फोडलंस म्हणून आणि उशिरा फोडलंस म्हणून, दोन्ही. माझ्यावरही चिडलेला आहे. मी स्वतःवर चिडलेला आहे. ह्या घरात सध्या धड बोलतंय असं कुणीच नाही. मामी म्हणते, तिला लिही, फोन मी चुकून नव्हे, मुद्दामच ठेवला होता. पुन्हा केलास तर उचलेन.

बावीस तारखेला चाहता मंडळ अध्यक्षांच्या दारात जाऊन बसणार आहे. नवा माणूस का घेतला नाही आणि जुन्या माणसाचं काय केलंत, दोन्हींचा जाब विचारायला. मी जाणार आहे. दादा कुबड्या घेऊन येतो म्हणतोय. पण आम्हा बापलेकांना दारात उभं राहून भांडता येत नाही, आमचा आवाज अडकतो. तुझा अडकत नाही.

अठराला बोट लागली की सरळ ये. वाटेत काहीही दिसलं तरी थांबू नकोस.

मामा